विकलं जात नाही ते प्लास्टिक जिवाणूही (बहुतेक) खात नाहीत

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. भोसरी एमआयडीसीत वडिलांचं प्लास्टिकचं युनिट आहे. पेट प्लास्टिकच्या (पाण्याच्या, शीतपेयांच्या) बाटल्या धुऊन, कापून फ्लेक म्हणजे तुकडे विकता, दुधाच्या पिशव्यांचा आणि कडक प्लास्टिकचा दाणा काढता. गठ्ठ्यांबरोबर येणारी वेफर्सची पाकिटं, सॅशे, केक-फळांचे पारदर्शक ट्रे असला माल मात्र कुणी घेत नाही. तो शेडमागे साठतो आणि शेवटी पदरचे पैसे देऊन घालवावा लागतो. तुम्ही स्वतः बायोटेक शिकला आहात. एका विक्रेत्यानं ‘जनुकीय बदल केलेलं’ कल्चर, म्हणजे जिवंत जिवाणूंचं द्रावण, कॅनमध्ये देऊ केलंय: ढिगावर फवारा, काही महिन्यांत ढीग नाहीसा. ते घ्यावं, की असे जिवाणू स्वतःच बनवायचा उद्योग काढावा? आणि वडिलांना धास्ती, की हे जिवाणू सुटले तर पाण्याचे पाइप खातील.

कल्चर घेऊ नका, एवढं लगेच सांगते. बाकीचं उत्तर तुमच्याकडे नेमका कुठला माल किती येतो यावर अवलंबून आहे. मी एन्झाइमच्या (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांच्या) कामात आहे. फर्मेंटर (जिवाणू वाढवायच्या बंद टाक्या) चालवायचे, त्यातून एन्झाइम वेगळं काढायचं आणि ते प्रयोगशाळेबाहेर टिकतं का ते बघायचं, असं हे काम. पेट तोडणारी एन्झाइमंही त्यात आली. भंगाराचे भाव तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले कळतात, त्यामुळे त्या बाजूला मी फार शिरत नाही.

२०१६ साली जपानमधल्या साकाई शहरात बाटल्यांच्या रीसायकलिंगच्या आवारातून माती, गाळ, सांडपाणी असे २५० नमुने गोळा करून त्यातून एक जिवाणू वेगळा काढल्याचं प्रसिद्ध झालं. त्याचं नाव इडिओनेला साकायएन्सिस. तो एक एन्झाइम बाहेर सोडतो, त्यानं पेटच्या साखळीचे तुकडे पडतात. दुसरं एन्झाइम त्या तुकड्यांचे आणखी तुकडे करतं आणि हाती येतात टेरेफ्थॅलिक आम्ल आणि इथिलीन ग्लायकॉल. पेट बनतं तेही याच दोन रसायनांपासून. ‘प्लास्टिक खाणारा जिवाणू’ हा मथळा तेव्हापासून दर वर्षी नव्यानं छापला जातो. मूळ निबंधातले दोन आकडे मात्र मथळ्यात कधी येत नाहीत. पातळ फिल्म जवळपास पूर्ण संपायला ३० अंश सेल्सिअसला सहा आठवडे लागले. आणि त्या फिल्मची स्फटिकता होती १.९ टक्के. तुमच्याकडे येणाऱ्या बाटलीच्या भिंतीची स्फटिकता ३० टक्क्यांच्या आसपास असते.

हा स्फटिकतेचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण पैसा तिथेच जिरतो. पेटच्या लांबलचक साखळ्या काही ठिकाणी शिस्तीत, दाटीवाटीनं रचलेल्या असतात आणि काही ठिकाणी अस्ताव्यस्त. एन्झाइमला साखळीचा एक भाग आपल्या खाचेत ओढून घ्यावा लागतो, तेव्हा कुठे तो तुटतो. दाटीच्या भागात त्याला साखळी उचलताच येत नाही. बाटली फुगवताना पेट आडवं-उभं ताणलं जातं आणि त्या ताणानंच साखळ्या ओळीत बसतात. बाटलीची ताकद त्यातूनच येते, आणि एन्झाइमची अडचणही. त्याच बाटलीचा आटे असलेला गळा आणि बुडाचा मधला ठिपका फारसा ताणला जात नाही, म्हणून ते भाग आधी विरघळतात. अर्धवट झालेल्या प्रयोगातली बाटली पाहिलीत तर हे डोळ्यांना दिसतं.

दुसरी गोष्ट तापमानाची. चिक्कीचा पाक थंड झाला की दात लागत नाही, गरम असतो तेव्हा ओढता येतो; पेटचंही ६५ ते ७५ अंशांच्या आसपास असंच होतं. त्याखाली साखळ्या थिजलेल्या, त्यावर सैल. म्हणजे काम करायची जागा ७० अंशांजवळ. पण जपानी जिवाणूचं एन्झाइम तिथे टिकतच नाही.

म्हणून या क्षेत्रातली खरी उडी त्या जिवाणूवरून मारली गेलेली नाही. पानं-फांद्यांच्या कंपोस्टमधून मिळालेलं एक क्युटिनेज होतं, २०१२ मध्ये ओसाकातल्या संशोधकांनी त्याचं वर्णन केलं. क्युटिन म्हणजे पानावरचा मेणकट थर. तो तोडणाऱ्या एन्झाइमला पेटही तोडता येतं, कारण दोन्हीकडे बंध एकाच जातीचा, एस्टरचा. २०२० मध्ये फ्रान्समधल्या कार्बिओस कंपनीनं आणि तुलूझच्या संशोधकांनी त्यात मोजके बदल करून ७२ अंशांना, दहा तासांत ९० टक्के पेट तोडून दाखवलं. किलोभर मिश्रणात २०० ग्रॅम पेट, आणि पेटच्या प्रत्येक ग्रॅमला ३ मिलिग्रॅम एन्झाइम. कारखान्याच्या भाषेत बोलता येईल असा हा पहिला आकडा. पण ते पेट जसंच्या तसं टाकलेलं नव्हतं. आधी एक्स्ट्रूडर या प्लास्टिक वितळवून दाबणाऱ्या यंत्रातून वितळवून, झटकन थंड करून त्याची स्फटिकता उतरवली होती आणि मग बारीक भुकटी केली होती.

यात ‘जनुकीय बदल केलेला जिवाणू’ कुठे आला? तो एन्झाइम बनवतो, बस. पेटची साखळी जिवाणूच्या पोटात जाऊ शकत नाही, तोडायचं काम बाहेरच व्हावं लागतं. आणि ७२ अंशांना प्रयोगशाळेतला नेहमीचा जिवाणू, ई. कोलाय, मरतो. आम्ही याचा उलट फायदा घेतो. फर्मेंटरमध्ये ई. कोलाय वाढवायचा, पेशी फोडायच्या आणि तो रस तापवायचा. जिवाणूची स्वतःची प्रथिनं फाटून खाली बसतात, उष्णता सोसणारं आपलं एन्झाइम वर पाण्यात राहतं. निम्मं शुद्धीकरण फुकटात. हे एन्झाइम टाकीत पेटवर सोडायचं. म्हणजे जिवाणू आणि प्लास्टिक यांची गाठच पडत नाही. ढिगावर जिवंत कल्चर फवारण्याचा याच्याशी काही संबंध नाही.

आता तुमच्या ढिगाकडे वळते.

दुधाच्या पिशव्या, कॅरीबॅग, बाटल्यांची बुचं हे पॉलिथीन किंवा पॉलिप्रॉपिलीन. त्यांच्या कण्यात नुसते कार्बन-कार्बन बंध. पाण्याच्या मदतीनं तोडता येईल असा एस्टर बंध एकही नाही. पेटवर चालणारी सगळी हुशारी इथे निरुपयोगी ठरते. आधी ऑक्सिजन घालून साखळीत कमकुवत जागा तयार कराव्या लागतात. मधाच्या पोळ्यातलं मेण खाणाऱ्या अळीच्या लाळेतली एन्झाइमं हे थोडंफार करतात असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. विषय रंजक आहे, पण किलोच्या हिशेबात तिथे अजून काही नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेच्या गटानं वेगळी वाट दाखवली: मिश्र प्लास्टिक आधी ऑक्सिजन आणि कोबाल्ट-मँगनीजच्या उत्प्रेरकानं तोडायचं, आणि त्यातून निघालेली छोट्या रेणूंची खिचडी जनुकीय बदल केलेल्या स्यूडोमोनास पुटिडा या जिवाणूला खायला घालायची, तो त्यातून एकच कामाचं रसायन बनवतो. जिवाणूचा उपयोग मला इथे पटतो, कारण दहा रेणूंच्या मिश्रणातून एक रेणू काढणं हे जिवाणूला आपल्यापेक्षा स्वस्तात जमतं. पण त्याआधीची दाबाखालची तापवलेली टाकी भोसरीच्या शेडमध्ये बसवायची गोष्ट नाही.

वेफर्सचं पाकीट म्हणजे बहुधा पॉलिप्रॉपिलीनवर ॲल्युमिनियमचा मुलामा. काही सॅशेंमध्ये पेटचा थर असतो, पण तो ताणलेल्या फिल्मचा, म्हणजे भरपूर स्फटिकी, आणि शाई-गोंद-पॉलिथीनच्या मध्ये दाबलेला. एन्झाइमला तिथे हातपाय पसरायला जागा नाही. हा माल आज सिमेंटच्या भट्टीकडे पाठवतात. मला त्याहून बरा पर्याय तुम्हाला देता येत नाही.

थोडक्यात आतापर्यंतचं: जे एन्झाइम चांगलं तोडतं ते पेट, आणि त्याला तुमच्याकडे आधीच गिऱ्हाईक आहे. ज्याला गिऱ्हाईक नाही, त्याचा बराचसा भाग एन्झाइम तोडत नाही. पुण्यात तर हे आणखी ठळक आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आणि त्यांची सहकारी संस्था ‘स्वच्छ’ २००८ पासून इथे काम करते आहे. बाटली कचरा डेपोपर्यंत पोचायच्या आधीच कुणीतरी उचललेली असते, कारण तिला दर आहे. चांगली पारदर्शक बाटली एन्झाइमला घालणं म्हणजे खपणारा माल महाग वाटेनं पुन्हा कच्च्या मालात नेणं. त्याला अर्थ तेव्हाच, जेव्हा त्या कच्च्या मालापासून नव्या बाटलीच्या दर्जाचं पेट बनवून घेणारं कुणीतरी शेजारी तयार असेल.

पण मथळ्यात कंसात ‘बहुतेक’ लिहिलंय ते तुमच्या त्या ट्रेंसाठी.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी ज्या पारदर्शक डब्यांतून येते, केकचे डबे, मिठाईचे खाचांचे ट्रे, यातला बराच माल पेटचा असतो, आणि तो बाटलीसारखा फुगवलेला नसतो. पातळ पत्रा तापवून साच्यावर ओढतात आणि लगेच थंड करतात. त्यामुळे त्याची स्फटिकता कमी राहते. फ्लेकवाल्यांना तो नको असतो: दळताना चुरा फार होतो, लेबलाचा गोंद सुटत नाही, बाटलीच्या फ्लेकमध्ये मिसळला तर तक्रार येते. एन्झाइमला मात्र नेमका हाच आवडतो. २०२२ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या गटानं संगणकाच्या मदतीनं सुधारलेलं एक एन्झाइम प्रसिद्ध केलं. ५० अंशांना, आठवडाभरात, त्यांनी दुकानांतून आणलेली अशी ५१ वेगवेगळी पेटची पॅकिंगं त्यानं तोडली, आणि तीही आधी वितळवून-थंड करायची भानगड न करता. ५० अंश म्हणजे साधं गरम पाणी. तुमच्या ढिगात एन्झाइमसाठी जागा असेल तर ती इथे, आणि थोडीफार बाटलीच्या लाइनवर खाली पडणाऱ्या बारीक चुऱ्यात.

आणखी एक गोष्ट तुमच्या फायद्याची. पेट पाण्यात बुडतं, पॉलिथीन-पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, ते तुमच्या वॉशिंग टाकीत आपोआप वेगळं होतं. पीव्हीसी मात्र पेटबरोबरच बुडतं आणि दाणा काढताना थोडंसं पीव्हीसीही अख्खी बॅच पिवळी पाडतं. एन्झाइमला पीव्हीसी दिसतच नाही. पेट विरघळून पाण्यात जातं, पीव्हीसी जाळीवर उरतं. रंगाचंही तसंच, बराचसा रंग मागे राहतो.

आता हिशेब, कारण उत्साहाच्या भरात लोक हा शेवटी करतात. १०० किलो पेट पूर्ण तुटलं तर सुमारे ८६ किलो टेरेफ्थॅलिक आम्ल आणि ३२ किलो ग्लायकॉल मिळतं (बेरीज शंभराच्या वर जाते, कारण १९ किलो पाणी बंध तोडण्यात खर्च होतं). आम्ल सुटत गेलं की पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) उतरतो आणि एन्झाइम मंदावतं. म्हणून सतत कॉस्टिक सोडा घालावा लागतो. शंभर किलोला जवळजवळ ४२ किलो. मग टेरेफ्थॅलिक आम्ल पाण्यातून बाहेर काढायला सुमारे ५१ किलो गंधकाम्ल. आणि यातून तयार होतं ७४ किलो सोडियम सल्फेट. शंभर किलो ट्रेमागे ७४ किलो मीठ! ते वाळवून विकायचं म्हटलं तर वाफ लागते, सांडपाण्यात सोडायचं म्हटलं तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीतली क्षारांची मर्यादा आडवी येते. एन्झाइम किती महाग, हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. मिठाचं काय करणार, हे विचारणारे फार थोडे भेटतात, आणि माझ्या अनुभवात छोटं युनिट अडतं ते इथेच. टेरेफ्थॅलिक आम्लाच्या मिठाचं द्रावणच, न वेगळं करता, थेट घेणारं गिऱ्हाईक मिळालं तर चित्र बदलतं, पण असं गिऱ्हाईक असेल की नाही हे गाव आणि ओळखीवर ठरतं.

एडिंबराच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ई. कोलाय वापरून टेरेफ्थॅलिक आम्लापासून व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास देणारं रसायन) बनवलं, ती बातमी तुम्ही वाचलीच असेल. छान काम आहे. त्यावर भोसरीत धंदा उभा करू नका.

राहिला कायदा आणि वडिलांची धास्ती. जनुकीय बदल केलेल्या सूक्ष्मजीवांसाठी आपल्याकडे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ चे नियम आहेत. बंद फर्मेंटरमध्ये काम करायचं तरी संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते. असा जीव उघड्यावर सोडायचा तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयातल्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीची मंजुरी हवी. तेव्हा त्या कॅनवाल्याकडे एवढंच मागा: कुठला जीव, कुठला बदल, आणि उघड्यावर वापरायची मंजुरी. माझा अंदाज, त्यानंतर फोन येणार नाही. आणि कॅनमध्ये असलंच काही तर ते कंपोस्टला घालतात तसलं बॅसिलसचं साधं मिश्रण असेल. अन्नाचा खरकटा भाग खाईल, वास कमी करेल, प्लास्टिकला धक्का लावणार नाही. ढीग थोडा खाली बसला की गिऱ्हाईक म्हणतं, गुण आला.

वडिलांना सांगा, पाइप सुरक्षित आहेत. तुमचे पाइप पीव्हीसीचे किंवा पॉलिथीनचे, त्यांत या एन्झाइमांना तोडता येईल असा बंधच नाही. आणि पेट खाणाऱ्यालाही साधं अन्न मिळालं तर तो पेटच्या वाटेला कशाला जाईल? प्रयोगशाळेत वाढवलेले जिवाणू बाहेर सोडले की तिथल्या स्थानिक जिवाणूंपुढे फारसे टिकत नाहीत, हा या शास्त्राचा जुना अनुभव आहे. आनंद मोहन चक्रवर्तींनी तेल खाणारा स्यूडोमोनास तयार केला, त्याच्या पेटंटवरचा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा १९८० चा निकाल प्रसिद्ध आहे. प्रत्यक्ष तेलगळतीवर मात्र तो जिवाणू वापरात आला नाही. प्रदूषण साफ करण्याच्या हेतूनं जनुकीय बदल केलेला जिवाणू अमेरिकेत पहिल्यांदा मातीत सोडला गेला तो १९९६ मध्ये, ओक रिजला, आणि तोही बंदिस्त टाक्यांमधल्या मातीत. काळजी करायची तर वेगळ्या गोष्टीची करावी. प्रयोगशाळेतल्या अशा जिवाणूंमध्ये बऱ्याचदा प्रतिजैविकाला दाद न देणारं जनुक खूण म्हणून घातलेलं असतं. ते नाल्यातल्या दुसऱ्या जिवाणूंकडे जायला नको, म्हणूनच फर्मेंटरबाहेर जाणारं सगळं आम्ही आधी मारून मग सोडतो.

तर तुमच्या जागी मी काय केलं असतं? जिवाणू बनवायच्या मागे आत्ता लागले नसते. महिनाभर ट्रे वेगळे काढून तोलले असते, तेही तळाला त्रिकोणात १ आकडा, म्हणजे पेटची खूण, आहे तेवढेच. बाकीचे पॉलिस्टायरीन, पीव्हीसी, पॉलिप्रॉपिलीन निघतात. मग बाजारात कापडउद्योगासाठी मिळतं तसं क्युटिनेज थोडंसं आणून छोटा प्रयोग. दोन बाटल्या, एकीत एन्झाइम, दुसरीत उकळून मारलेलं तेच एन्झाइम, बाकी सगळं सारखं. ही दुसरी बाटली नसेल तर पहिलीच्या निकालाला किंमत नाही. वजन किती घटलं यावर विसंबू नका. धुताना चुरा वाहून जातो, लेबलाचा गोंद सुटतो आणि ‘१५ टक्के विघटन’ कागदावर येतं. पीएच ८ ला धरून ठेवायला किती कॉस्टिक लागलं ते टिपा. दर १९२ ग्रॅम पेट तुटलं की ८० ग्रॅम कॉस्टिक खर्ची पडतं, त्यावरून उलटा हिशेब बसतो आणि यंत्रही फार लागत नाही. खात्रीला द्रावणाचा नमुना एचपीएलसीवर (द्रावणातली रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर) तपासून घ्या, टेरेफ्थॅलिक आम्ल २४० नॅनोमीटरला स्वच्छ दिसतं.

हे आकडे जमले आणि ट्रेचा पुरवठा वर्षभर राहतो असं दिसलं (स्ट्रॉबेरीचा हंगाम संपला की काय, हेही बघा), तर मग पाषाणला एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातल्या, नव्या उद्योगांना मदत करणाऱ्या व्हेंचर सेंटरची पायरी चढायला हरकत नाही. बायरॅक या जैवतंत्रज्ञान उद्योगांना मदत करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं ‘बिग’ नावाचं अनुदान ५० लाखांपर्यंत असतं आणि अर्जात ‘आमच्याकडे जिवाणू आहे’ यापेक्षा ‘आमच्याकडे महिन्याला इतका, इतक्या स्फटिकतेचा माल आहे’ हे वाक्य जास्त वजनदार ठरतं. स्फटिकता मोजायला डीएससी नावाची चाचणी असते, नमुना चिमूटभर पुरतो. पाठवाल तेव्हा एकाच डब्याचा नको. चार-पाच वेगळ्या गठ्ठ्यांतले ट्रे आणि तुलनेला तुमच्याच बाटलीच्या भिंतीचा एक तुकडा द्या.